गॅरेजमधलं बाथरूम सारखं तुंबतं, वास येतो: तपासणी कुठून सुरू करावी

आधी लक्षणं बघा. गॅरेजची खोली करून त्यात काढलेल्या बाथरूममध्ये साधारण हीच दिसतात:

- कमोड फ्लश केला की बेसिनमधून किंवा शॉवरच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो.
- शॉवर सुरू केल्यावर तीन-चार मिनिटांत पायाखाली पाणी साचतं आणि नळ बंद केल्यावर हळूहळू उतरतं.
- फ्लश केल्यावर कमोडमधलं पाणी आधी वर चढतं, मग सावकाश खाली जातं.
- खोली काही आठवडे बंद होती आणि दार उघडताच गटाराचा वास आला.
- घरातल्या दुसऱ्या बाथरूमचं किंवा वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की गॅरेजच्या बाथरूममध्ये पाणी वर येतं.
- सफाई केली की दोन-तीन महिने ठीक चालतं, मग पुन्हा तेच.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यांत बोलकं आहे. केस किंवा साबणाचा थर अडकला असेल तर तो काढल्यावर बराच काळ प्रश्न मिटतो. ठरावीक महिन्यांनी पुन्हा त्याच जागी तुंबत असेल, तर कचरा हा परिणाम आहे. खरं कारण बहुतेक वेळा पाइपच्या ढाळात, तो किती खोल टाकलाय यात किंवा हवेच्या वाटेत असतं.

गॅरेजमध्येच हे इतकं का होतं? ती जागा गाडीसाठी बांधलेली असते. तिची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली असते आणि ढाळ दाराकडे असतो, म्हणजे मैलापाण्याची लाइन जिथे आहे त्याच्या अनेकदा उलट्या दिशेला. खाली थेट जमिनीवर टाकलेला स्लॅब असतो, त्यात बाथरूमसाठी सोडलेला खोलगट भाग नसतो. चेंबर, म्हणजे मैल्याच्या लाइनीवरचा झाकणाचा हौद, घराच्या दुसऱ्या बाजूला; जवळपास व्हेंट पाइप, म्हणजे लाइनीला हवा देणारा पाइप, नाही. थोडक्यात पाइपला खाली उतरायला खोली अपुरी, अंतर जास्त आणि हवेला वाट नाही. वरच्या तक्रारींपैकी बहुतेक या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

हत्यार हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: त्रास एकाच ठिकाणी आहे की सगळीकडे? फक्त बेसिन तुंबत असेल तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या भागात) किंवा त्याच्या छोट्या पाइपमध्ये. बेसिन, शॉवर, कमोड तिन्ही मंद असतील तर सगळ्यांची मिळून जी लाइन जाते तिच्यात. घरातलं पाणी गॅरेजमध्ये वर येत असेल तर अडथळा त्याच्याही पुढे, जिथे दोन्ही लाइनी एकत्र होतात त्या जागेनंतर. हे न ठरवता ट्रॅप उघडत बसलं की दिवस वाया जातो.

१. ट्रॅपमध्ये पाणी आहे का

खर्च शून्य, म्हणून पहिलं. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये दोन-तीन लिटर पाणी ओता आणि खोली हवेशीर करून तासाभराने परत या. वास गेला असेल तर ट्रॅप कोरडा पडला होता. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी अडून राहतं आणि गटारातली हवा तेच थोपवतं. पाहुण्यांपुरती वापरली जाणारी खोली असेल तर हे पाणी बाष्प होऊन उडतं. दर दोन आठवड्यांनी पाणी ओतणं एवढाच उपाय पुरतो.

मात्र रोजच्या वापरातही ट्रॅप रिकामा सापडत असेल तर पाणी उडत नाही, ओढलं जातंय. ते पाचव्या तपासणीत.

२. जाळी, केस आणि नहाणी ट्रॅपचा कप

जाळी काढा आणि शॉवर पाच मिनिटं पूर्ण सोडा. जाळीशिवाय पाणी साचत नसेल तर दोष जाळीचा, म्हणजे भोकं लहान आहेत किंवा साबणाने बुजली आहेत. साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १२ लिटर पाणी येतं, मोठ्या पसरट शॉवरमधून त्याहून बरंच जास्त. छोटा ट्रॅप स्वच्छ असूनही ते पाणी घेऊ शकत नाही. अशा वेळी सफाईवर वेळ घालवू नका, शॉवरचा प्रवाह कमी करा.

जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये, काढता येणारा कप असेल तर तो जागेवर आहे का पाहा. सफाई करणारा कप काढतो आणि पाणी पटकन जातंय म्हणून परत बसवत नाही, हे फार वेळा दिसतं. कपाशिवाय पाण्याचा पडदाच नाही, मग वास येणारच.

बेसिनचा बॉटल ट्रॅप हाताने उघडतो. खाली बादली ठेवा, वॉशर हरवू देऊ नका, परत बसवताना पाना वापरून आवळू नका. प्लॅस्टिकच्या आट्यांना हाताचा जोर पुरतो.

रसायनांबद्दल स्पष्ट सांगतो. कॉस्टिकची पावडर ओतल्यानंतर ॲसिड ओतू नका आणि ब्लीचबरोबर ॲसिड कधीच वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. उकळतं पाणीही नको. पीव्हीसी पाइप त्या तापमानाला मऊ पडतो आणि सिरॅमिकचं भांडं तडकू शकतं. शिवाय दोष ढाळाचा असेल तर रसायन फक्त पुढच्या तुंबण्याची तारीख थोडी लांबवतं.

३. फ्लशचं पाणी पुरतं आहे का

दोन बटणांच्या टाकीत छोटं बटण साधारण ३ लिटर आणि मोठं ६ लिटर सोडतं. चेंबर आठ-नऊ मीटर लांब असेल आणि मधे आणखी कुठलंच पाणी मिळत नसेल तर ३ लिटरवर मैला वाटेतच थांबतो. आठवडाभर प्रत्येक वेळी मोठं बटण वापरून पाहा. टाकीतला फ्लोट खाली बसवलेला नाही ना, तेही बघा. शॉवरची लाइन कमोडच्या जोडाच्या वरच्या बाजूला जोडलेली असेल तर रोजच्या आंघोळीचं पाणी मागून येऊन लाइन धुऊन नेतं. नवीन मांडणी करताना ही एक साधी युक्ती फार उपयोगी पडते.

४. चेंबरचं झाकण उघडा आणि रंगीत पाणी सोडा

इथून पुढे दोन माणसं लागतात. झाकण उघडल्यावर काही मिनिटं लांब राहा, आत डोकं घालू नका. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असेल तर नाकाची वास घेण्याची ताकदच जाते, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. चेंबरमध्ये उतरायचं नाही, वरूनच पाहायचं.

आधी चेंबर भरलेलं आहे का बघा. भरलेलं असेल तर बाथरूममध्ये शोधायला काही नाही, अडथळा पुढे आहे.

चेंबर रिकामं असेल तर १० लिटरच्या बादलीत रंग मिसळून ती कमोडमध्ये एका दमात ओता. दुसऱ्याने चेंबरपाशी पाहायचं. नीट ढाळ असलेल्या आठ मीटर लाइनीतून पाणी दहा-पंधरा सेकंदांत येतं आणि जवळजवळ सुरुवातीपासूनच रंगीत असतं. आधी बराच वेळ जुनं, गढूळ पाणी आलं आणि मग रंग दिसला, तर पाइप मधे कुठेतरी खाली बसलाय आणि तिथे पाणी कायम साठून राहतंय. ११० मिलिमीटरच्या पाइपमध्ये एक मीटर लांबी अर्धी भरली तरी जवळपास ४ लिटर पाणी मावतं. आधी आलेल्या गढूळ पाण्याच्या अंदाजावरून बसलेला भाग किती मोठा आहे हे कळतं.

आता रंगीत पाणी शॉवरमध्ये आणि बेसिनमध्ये वेगवेगळं ओता. गॅरेजमध्ये गाडी धुण्याचं पाणी जायला जुनी जाळी असते आणि ती पुष्कळदा पावसाच्या पाण्याच्या लाइनीला जोडलेली असते. नवीन शॉवर सोयीसाठी त्याच जाळीला जोडून टाकलेला सापडतो. रंग मैल्याच्या चेंबरमध्ये आलाच नाही तर हीच शंका पहिली घ्या. सांडपाणी पावसाच्या लाइनीत सोडणं चुकीचं आहे, कारण ते शुद्धीकरणाशिवाय नाल्यात किंवा जमिनीत जातं. जोराच्या पावसात तीच लाइन उलटी भरून शॉवरमधून वर येते ते वेगळंच.

५. हवेची वाट

गुडगुड म्हणजे पाइप हवा मागतोय. पाण्याचा लोट पाइप भरून पुढे जातो तेव्हा मागे ओढ तयार होते. हवा आत यायला वाट नसेल तर ही ओढ जवळच्या ट्रॅपमधून पाणी उपसून हवा घेते. म्हणून कमोड फ्लश केल्यावर आवाज बेसिनमधून येतो, आणि म्हणूनच रोज वापरात असलेल्या बाथरूमलाही वास येतो.

तपासायला सोपं आहे. लाइनीवरच्या सफाईच्या तोंडाचं झाकण सैल करून, म्हणजे हवा आत येईल इतपत, कोणाला तरी फ्लश करायला सांगा. गुडगुड थांबली तर व्हेंटचा दोष पक्का. काही ठिकाणी छतापर्यंत पाइप न नेता भिंतीत एकेरी हवेचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो काढून फ्लश करा. काढल्यावर आवाज थांबत असेल तर व्हॉल्व्हची रबर चकती चिकटली आहे, तो बदला. हा व्हॉल्व्ह उभाच हवा, बेसिनच्या काठापेक्षा वर हवा, आणि पॅनेलमागे बंद करून टाकलेला असला तरी तिथे हवा पोचली पाहिजे, हात पोचला पाहिजे. तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे संपूर्ण घराच्या लाइनीवर कुठेतरी एक उघडा, छताच्या वर गेलेला व्हेंट पाइप लागतोच.

व्हेंट नसलेल्या छोट्या शाखेला लांबीची मर्यादा असते: ३२ मिलिमीटर पाइपला १.७ मीटर, ४० मिलिमीटरला ३ मीटर, ५० मिलिमीटरला ४ मीटर धरून चला. गॅरेजमध्ये बेसिन सोयीसाठी समोरच्या भिंतीवर जातं आणि ३२ मिलिमीटरचा पाइप चार मीटर धावतो. मग बेसिनचं पाणी जाता जाता स्वतःचाच ट्रॅप उपसून नेतं. उतार जास्त दिला की हे आणखी वाढतं, कारण ट्रॅपपासूनचा पाइप स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त खाली उतरला की त्याचा सायफन होतो, म्हणजे तो ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो. अशा शाखेला मीटरला १८ ते २० मिलिमीटर ढाळ बास. लांबी कमी होत नसेल तर पाइप एक माप मोठा घ्या.

६. ट्रॅपवर ट्रॅप

शॉवर ट्रेला स्वतःचा ट्रॅप आहे, तो खालच्या नहाणी ट्रॅपला जोडलाय आणि बाहेर पुन्हा गली ट्रॅप (घराबाहेर जमिनीत बसवलेला, जाळीचा ट्रॅप) आहे, अशी साखळी असेल तर दोन पाण्याच्या मधे हवा कोंडते. पाणी स्वच्छ पाइपमधूनही थबकत जातं. बेसिनच्या ट्रॅपमधून पुन्हा नहाणी ट्रॅपमध्ये बुडालेला पाइप हीही तीच चूक. एका भांड्याला एकच ट्रॅप. बाहेरच्या गलीत पाइप सोडायचा असेल तर जाळीखाली पण पाण्याच्या वर सोडा.

७. लेव्हल मोजा

बहुतेक जुनाट दुखणी इथे सापडतात. घाईने फरशी फोडण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम आधी करा.

पारदर्शक नळीत पाणी भरा, त्यात बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक बाथरूमच्या तयार फरशीपाशी, दुसरं चेंबरच्या काठापाशी. दोन्हीकडची पाण्याची रेघ एकच पातळी दाखवते. फरशी त्या रेघेपासून किती खाली आहे आणि चेंबरचा तळ किती खाली आहे हे टेपने मोजा. चेंबरचा तळ म्हणजे त्यातल्या पन्हळीचा तळ, झाकण नव्हे. दोन मापांमधला फरक ही तुमच्या हातात असलेली एकूण खोली.

समजा कमोड ते चेंबर अंतर ९ मीटर आहे. ११० मिलिमीटरच्या पाइपला १:६० ढाळ दिला तर १५० मिलिमीटर उतार लागतो. कमोड खाली सोडणारा असेल तर बेंड आणि पाइप धरून फरशीपासून पाइपच्या तळापर्यंत सुमारे २५० मिलिमीटर जातात. बेरीज ४००. चेंबरचा तळ फरशीखाली फक्त ३२० वर असेल तर ८० मिलिमीटर कमी पडले. ते काम करणाऱ्याने कुठून आणले? ढाळातून. ९ मीटरला ७० मिलिमीटर म्हणजे १:१२८. कमोडच्या लाइनीला १:८० पेक्षा सपाट ढाळ चालत नाही, आणि १:८० सुद्धा बारकाईने टाकला तरच टिकतो. या उदाहरणात १:८० ला ११२ लागतात, तरीही ४२ मिलिमीटर कमीच.

अशा लाइनीवर कितीही सफाई केली तरी ती तुंबणारच. उपाय तीन. फरशी १०० मिलिमीटरने उचलायची. किंवा मागे सोडणारा कमोड घ्यायचा, ज्याचं तोंड फरशीच्या साधारण १८० मिलिमीटर वर असतं; पाइप भिंतीतून बाहेर काढून बाहेरच खाली उतरवायचा. मग खोलीचा प्रश्न फक्त शॉवरचा उरतो आणि तेवढाच भाग उचलला की भागतं. तिसरा उपाय म्हणजे मैलापाणी वर ढकलणारा पंप. तो शेवटचाच समजा.

ढाळ कागदावर बरोबर असूनही पाइप वाकडा असू शकतो. टॉर्च आणि आरसा घेऊन चेंबरमधून पाइपच्या आत प्रकाश टाका. सरळ लाइनीत दुसऱ्या टोकाचं पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे. खालचा अर्धा भाग चमकत असेल तर तिथे पाणी आहे. दोन जागा विशेष संशयास्पद: गॅरेजच्या भिंतीतून पाइप बाहेर पडतो ती, कारण भिंत स्थिर आणि बाहेरचा भराव दबत जाणारा, आणि स्लॅबखालचा मधला भाग. ओलं काँक्रीट ओतताना रिकामा प्लॅस्टिकचा पाइप वर तरंगतो. तो बांधलेला नसेल तर मधे उंचवटा तयार होतो आणि मागे उलटा ढाळ.

८. घराचं पाणी गॅरेजमध्ये येत असेल

गॅरेजची फरशी चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल तर मुख्य लाइन अडल्यावर पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून, म्हणजे तुमच्या शॉवरमधून बाहेर येतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, फक्त गॅरेजच्या शाखेवर बसवा. घराच्या मुख्य लाइनीवर बसवला तर तो बंद असताना घरातलंच पाणी कोंडून गॅरेजमध्ये येईल. त्याला उघडता येणारं झाकण हवं आणि सहा महिन्यांनी सफाई हवी. झडपेत कागद अडकला की तो उघडाच राहतो.

९. पंप असेल तर

कोणी वापरत नसताना मोटर मधूनच चालू होते? आधी कुठला नळ किंवा फ्लशची टाकी ठिबकतेय का पाहा. नसेल तर पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह वर चढलेलं पाणी परत सोडतोय. मोटर घरघरते पण पाणी जात नाही, तर पात्यात ओला वाइप किंवा धागा अडकलाय. वीज पूर्ण बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका. पाइप आधी पंपाजवळ सरळ वर चढवा, मग चेंबरकडे हलक्या ढाळाने न्या. आधी आडवा आणि मग वर चढवला असेल तर आडव्या भागात गाळ बसतो. वीज गेल्यावर हा कमोड वापरता येत नाही, म्हणून घरात दुसरा असेल तरच पंपाचा विचार करा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ढाळाची शंका आली पण जागा सापडत नसेल तर फोडण्याआधी कॅमेरा घालून घ्या. एका फेरीत बसलेला भाग किती मीटरवर आहे हे कळतं आणि पूर्ण खोलीऐवजी दीड मीटर उघडावं लागतं. पाइप साफ करायची लांब स्प्रिंग दोनदा घालूनही त्याच अंतरावर अडत असेल तर जोर लावू नका, तो तुटलेला पाइप किंवा झाडाचं मूळ असू शकतं.

स्लॅब कापायचा असेल, त्यात काँक्रीटला बळकटी देण्यासाठी ताणून बसवलेल्या तारा किंवा विजेची केबल असण्याची शक्यता असेल, तर स्वतः कापू नका. ताणलेली तार तुटली तर जीव जाऊ शकतो. गॅरेजचा पाया घराच्या पायापेक्षा अनेकदा उथळ असतो. पायाला लागून त्याच्यापेक्षा खोल चर खणायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक फावडं मारू नका. चेंबर खोल असेल, मैलापाणी घरात पसरलं असेल किंवा सार्वजनिक लाइनीला जोड द्यायचा असेल, तेही काम परवाना असलेल्या प्लंबरचं आणि स्थानिक कार्यालयाच्या परवानगीचं.

फरशी उघडलीच तर

मोजमाप नेहमी चेंबरपासून मागे करत या. कमोडपासून सुरुवात केली की उरेल तो ढाळ चेंबरपाशी मिळतो, आणि तो कधीच पुरत नाही. पाइपखाली १०० मिलिमीटर बारीक खडी किंवा वाळू घाला. सॉकेटच्या, म्हणजे जोडाच्या फुगीर तोंडाच्या, जागी खड्डा करा, नाहीतर पाइप फक्त सॉकेटवर टेकतो आणि मधे झुकतो. भिंतीतून जाताना पाइपभोवती ५० मिलिमीटर मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना लवचीक जोड ठेवा. शाखा ४५ अंशांच्या वायने (Y आकाराच्या जोडाने), वाहत्या दिशेला जोडा. काटकोनी टी आडवी टाकली की समोरच्या भिंतीवर मैला साठतो. प्रत्येक वळणाला हात पोचेल असं सफाईचं तोंड द्या.

काँक्रीट ओतण्याआधी चेंबरकडचं तोंड फुगवणाऱ्या बुचाने बंद करा, फरशीच्या पातळीपर्यंत पाणी भरा, खूण करा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरलं तर रबर रिंग दुमडली आहे किंवा सोल्व्हंट सिमेंटचा जोड कोरडा राहिला आहे. तो जोड आत्ता सापडतो, नंतर नाही. पाणी टिकलं तर पाइप तसाच भरलेला ठेवून आणि दर मीटरला बांधून काँक्रीट ओता, म्हणजे तो तरंगणार नाही. त्याआधी चर उघडा असतानाच, टेप शेजारी धरून प्रत्येक जोडाचा आणि वळणाचा फोटो भिंतीपासूनच्या अंतरासह काढून ठेवा.